अबू हाबिसची पारख

ऐन सिद्र या गावात टीव्हीवर एखादा मंत्री बोलायला लागला, की घराण्याच्या बैठकीतली माणसं आधी मंत्र्याकडे बघायची आणि मग मुफलिहकडे. मुफलिह लोडावर कोपर टेकून, डोळे बारीक करून पडद्याकडे पाहत बसे. मंत्र्याचं बोलणं संपलं की जपमाळ या हातातून त्या हातात घेई आणि निकाल देई. ‘हा टिकायचा नाही. डोळे फिरतात त्याचे.’ नाहीतर, ‘याला पडदा घेतो. हा वर जाणार.’ पंतप्रधान आले नि गेले, संसदा भरल्या नि बरखास्त झाल्या. मुफलिहचे निकाल कधी खरे ठरले, कधी साफ आपटले, पण आपटलेले कुणी लक्षात ठेवले नाहीत. थोरल्या मुलाच्या नावानं लोक त्याला अबू हाबिस म्हणत, आणि पाठीमागे ‘टीव्हीवाला’. पाठीमागचं नावही त्याच्या कानावर येई आणि ते त्याला मनापासून आवडे.

खरी गोष्ट फार लांबलचक नाही. मुफलिह करक भागातल्या या डोंगरातून ऐन तारुण्यात राजधानी अम्मानला गेला आणि तिथल्या एका वाहिनीत ड्रायव्हर म्हणून लागला. कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्याला घरून आणायचं आणि कार्यक्रम झाला की घरी सोडायचं. निवृत्त होईपर्यंत त्यानं हेच काम केलं आणि चोख केलं. गाडी लखलखीत ठेवायचा, कुणाला कधी उशीर होऊ दिला नाही. स्टुडिओत मात्र त्यानं पाऊल ठेवलं नाही. फाटकाजवळ ड्रायव्हरांची खोली होती. तिथं भिंतीवर एक टीव्ही असे, तो आवाज बंद करून चालू असायचा, आणि त्यावर बातम्या वाचणारी माणसं ताठ बसून ओठ हलवत असायची. मुफलिहनं टीव्ही पाहिला तो एवढाच.

पहिल्या ईदला तो घरी आला तेव्हा वाहिनीचं ओळखपत्र गळ्यातच होतं. काढायचं राहून गेलं, असं तो म्हणे; राहून जाण्याजोगी ती वस्तू नव्हती. चुलत्यानं विचारलं, “तिथं करतोस काय रे तू?” मुफलिह म्हणाला, “पाहुण्यांची सगळी जबाबदारी आपल्याकडं.” पुढचं काम गावानं केलं. दुसऱ्या ईदपर्यंत मुफलिह पाहुणे निवडू लागला होता आणि तिसऱ्या ईदपर्यंत त्यांना बोलायचं कसं ते शिकवू लागला होता. सुरुवातीला तो नुसता मूग गिळून बसे. मग गप्प बसणंही अवघड होऊ लागलं आणि तोही आपल्या पदरचं घालू लागला. “मी म्हटलं मंत्र्याला, साहेब, हात आधी खाली घ्या.” त्याच्या बायकोला, उम हाबिसला, सगळं ठाऊक होतं. काही वर्षं ती हसली. नंतर हा विषय निघाला की उठून चुलीकडं जाऊ लागली.

यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. गावात एखादा थोडी फुशारकी मारतो, एखादा शेळ्यांची संख्या वाढवून सांगतो, त्यातलंच हे. बिघडलं ते नोफाच्या वेळी.

नोफा म्हणजे मुफलिहच्या चुलत भावाची, खलफची, थोरली मुलगी. गावात तिचं औषधांचं दुकान आणि नगरपालिकेत ती निवडून आलेली. आदल्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईना, टँकरपुढं भांडणं लागली, तेव्हा अम्मानहून कॅमेरा घेऊन माणसं आली. नोफा टँकरवाल्याशी हुज्जत घालत होती. पत्रकारानं माईक पुढं केला तर म्हणाली, “माझं तोंड काय दाखवता? त्या आजीची बादली दाखवा. सकाळपासून उभी आहे, साखर आहे तिला, गोळ्या मी देते तिच्या.” मग हात नाचवत, मधेच हसत, मधेच पत्रकारालाच दटावत तिनं पाण्याचा सगळा घोळ असा उलगडला की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आपल्याच ओसरीवर बसून बोलतेय. तो तुकडा या फोनवरून त्या फोनवर उत्तरेत इरबिदला गेला, दक्षिणेत अकाबाला गेला. महिन्याभरात नोफाला रस्त्यात लोक ओळखू लागले आणि अम्मानमधल्या एका पक्षानं निरोप धाडला: संसदेच्या निवडणुकीत देशभराच्या यादीत वरची जागा देतो, निवडून येण्यासारखी.

पण घराण्याची मतं पाठीशी हवीत, ही अट होती. घराण्याचा शब्द म्हणजे शेख मिजहमचा शब्द. आणि शेखचा पुतण्या राकान, अत्तर मारून वकिली करणारा, त्याच जागेवर डोळा ठेवून होता. शेख तसा न्यायी माणूस. तो म्हणाला, “पोरगी गावात बोलते, ठीक. पण देशाला पटेल का? अम्मानच्या त्या मोठ्या मुलाखतीत बसू दे एकदा. सगळे मिळून बघू. आणि टीव्हीतलं आपल्यात कळतं कुणाला? अबू हाबिसला. त्यानंच तिला तयार करावं आणि त्यानंच सांगावं.”

माणसं माना डोलावू लागली. मुफलिहचीही मान डोलली.

घरी आल्यावर उम हाबिस भाजी निवडता निवडता म्हणाली, “ऐकलं मी सगळं. आता काय करणार आहात?”

“काय करणार म्हणजे? शिकवीन.”

“काय शिकवणार? गिअर टाकायला?”

“हळू बोल गं. शेजारी ऐकतील.”

“अबू हाबिस, माझं एक ऐका. पोरीला तिच्या वाटेनं जाऊ द्या. बोलायचं कसं हे तिला तुमच्याहून जास्त कळतं. म्हणावं, जा बाई, आहेस तशीच बोल. त्यात तुमचीही अब्रू राहते.”

बायको बरोबर बोलतेय हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पण ‘आहेस तशीच बोल’ एवढंच सांगितलं तर मग टीव्हीवाल्याची गरज काय होती, असं बैठकीत कुणीतरी म्हणणारच. त्यानं विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी नोफा आली ती त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊनच. “काका, या संपत आल्या असतील तुमच्या. नि मिठाचं काय, उम हाबिस, कमी केलंय का?” मुफलिहनं अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली खुर्ची मांडून तिला समोर बसवलं. आणि मग त्यानं शहाणपण पाजळायला सुरुवात केली. हात मांडीवर ठेव, एकावर एक. हलवायचे नाहीत. हसायचं नाही, हसलं की वजन जातं. विचारणाऱ्याकडं बघायचं नाही, थेट कॅमेऱ्याच्या काचेत बघायचं. गावची बोली नको, पुस्तकातली भाषा बोल.

“बातम्या वाचतात तसं?” नोफानं विचारलं.

“अगदी तसं.”

“पण काका, मी बातम्या वाचायला कुठं चाललेय?”

मुफलिहनं जपमाळ या हातातून त्या हातात घेतली. “पोरी,” तो म्हणाला, “टीव्ही तुला कळतो की मला?”

“तुम्हालाच. चुकलं माझं,” असं म्हणून तिनं हात मांडीवर ठेवले.

त्या घटकेला एक गोष्ट त्याच्या अगदी जिभेवर आली होती. मुलाखतीचं त्याला खरंच काहीतरी कळत होतं, आणि ते त्यानं गाडीतच शिकलेलं होतं. जाताना जो पाहुणा मागच्या सीटवर बसून त्याच्याशी गप्पा मारायचा, मुलंबाळं किती, बटाटे काय भावानं मिळाले असं विचारायचा, तो परत येताना खुशीत यायचा, वाटेत थांबून भाजलेली कणसं घ्यायचा. आणि जो जाताना डोळे मिटून आपली पाठ केलेली वाक्यं घोकायचा, तो परतताना काचेबाहेर बघत बसायचा. एक बडा माणूस तर रडला होता. म्हणाला होता, ‘शेजाऱ्याशी बोलतो तसा बोललो असतो तर बरं झालं असतं रे.’ हे इतक्या वेळा घडलं होतं की फाटकातून गाडी आत नेतानाच मुफलिहला अंदाज येई, आज कोण पडणार नि कोण तरणार. नोफाला हे सांगितलं असतं तर पुरे होतं. पण हे सांगायचं तर आपण कुठं बसलेलो होतो ते आधी सांगावं लागलं असतं. त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, “मान ताठ ठेव. ताठ.”

मुलाखतीच्या संध्याकाळी बैठक गच्च भरली. खलफ पुढंच बसला होता, नवा पांढरा अंगरखा घालून. लेकीच्या लग्नात घालावा तसा. शेखच्या शेजारी राकान, आणि दुसऱ्या बाजूला मुफलिह. सूत्रसंचालकानं नाव घेतलं, नोफा दिसली, खलफनं “माशाल्लाह” म्हटलं.

आणि मग ती बोलली. बोलली कसली, घोकलेलं म्हणू लागली. हात मांडीवर एकावर एक, इतके घट्ट की बोटं पांढरी पडलेली. डोळे काचेत रुतवलेले. सूत्रसंचालक डावीकडून विचारतोय आणि ही समोर बघून उत्तर देतेय, जणू तो तिथं नाहीच. पाण्याचं विचारलं तर ‘जलस्रोतांच्या न्याय्य वितरणाची आवश्यकता’ असं काहीतरी म्हणाली आणि पुढचा शब्द आठवेना. सूत्रसंचालक म्हणाला, “नोफाबाई, तुमचा तो टँकरजवळचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिला. तसं बोला ना.” ती हसायला गेली आणि मधेच थांबली, हसायचं नाही हे आठवून. कपाळावर घाम दिसू लागला. शेवटी त्या सूत्रसंचालकानं स्वतःच्या पुढ्यातलं पाणी तिच्याकडं सरकवलं. ते पाणी अख्ख्या देशानं पाहिलं.

मुफलिहला तिथं बसवेना. पडद्यावर नोफा नव्हतीच. ड्रायव्हरांच्या खोलीतल्या टीव्हीवरची ती ओठ हलवणारी माणसं होती, आणि ती तिथं त्यानं बसवली होती. खलफच्या पाठीकडं बघायचा धीर होईना.

टीव्ही बंद झाला. शेखनं जपमाळेचा एक मणी ओढला आणि म्हणाला, “हं, अबू हाबिस? सांग.”

इथंच सगळं सांगून टाकता आलं असतं. दोष पोरीचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण राकान गालात हसत त्याच्याकडं बघत होता, आणि मागून कुणीतरी बोललं, “तयारी कुणी करून घेतली होती म्हणे?” मुफलिहचा तोल गेला. तो म्हणाला, “मी सांगायचं ते सांगितलं होतं. पण आडात पाणी नसेल तर मी काय करू? पडदा घेत नाही तिला. गावापुरती आहे ती. बाजारात शेळी उभी करावी तशी दिसत होती.”

एकजण खिदळला. खलफ उठला, चपला घातल्या आणि कुणालाही सलाम न करता निघून गेला.

घराण्याच्या लेकीला भर बैठकीत शेळी म्हणणं, ही गोष्ट आमच्याकडं सोडून देण्याजोगी नसते. दुसऱ्या दिवसापासून खलफ बैठकीत येईना. त्याचे भाऊ येईनात. दुकानात मुफलिहच्या सलामाला कुणी उत्तर देईना. नोफाचं औषधांचं दुकान तेवढं उघडं होतं आणि गोळ्या घेऊन तिची मदतनीस घरी येऊन गेली, नेहमीसारखी. त्या गोळ्या गिळताना मुफलिहला जिवंतपणी जमिनीत जावंसं वाटलं.

उम हाबिस दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “शेळी म्हणालात?”

“तोंडातून गेलं.”

“तोंडातून नाही गेलं. तुम्ही ती पुढं उभी केलीत नि स्वतः मागं लपलात.”

मुफलिहनं उठून चपला घातल्या. तो शेखकडं गेला आणि म्हणाला, मला माफी मागायचीय. शेखनं रीतीप्रमाणं मानकरी जमवले आणि शुक्रवारच्या नमाजानंतर सगळ्यांनी खलफच्या घरी जायचं ठरलं. शेख असंही म्हणाला, “बरं झालं. एकदा मनं जुळली की तिथूनच पक्षाला फोन करतो. राकानचं नाव सांगून टाकू, म्हणजे घरात कुरबूर राहायची नाही. यादी रविवारी जातेय.”

वाटेत गाडीत मुफलिह मागं बसला होता. काय बोलायचं ते तो मनाशी जुळवत होता. खलफ, मी तिथं ड्रायव्हर होतो. स्टुडिओचं दारही मी पाहिलेलं नाही. पोरीचं वाटोळं मी केलं. तीन वाक्यं. सोपी होती. एकदा म्हणून टाकली की सुटका.

खलफनं अंगणात मांडव घातला होता. माणसं दोन रांगांत समोरासमोर बसली. मधल्या दारापाशी नोफा तिच्या आईबरोबर उभी होती. साध्या घरच्या कपड्यांत, डोळ्यांखाली काळं. कॉफी फिरली. शेखनं कप हातात घेतला, ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. त्याच्यामागोमाग सगळ्यांनी ठेवले. मुफलिहनंही ठेवला. मागणं मान्य होईस्तोवर ती कॉफी कुणी पिणार नव्हतं, आणि पाहुण्यानं न पिता जाणं म्हणजे यजमानाच्या दाराची नाचक्की.

शेखनं अल्लाचं नाव घेतलं, घराण्याची थोरवी सांगितली. “खलफ, आम्ही तुझ्या दारी आलोय. आमच्या भावाकडून वावगा शब्द गेला. तो स्वतः बोलेल.”

मुफलिह पुढं सरकला. तोंड उघडलं.

आणि खलफनं हात वर केला. “नको शेख. माझ्या दारात माझ्या भावानं मान खाली घालून बोलावं, हे मला बघायचं नाही. कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते तुमचं झालं. माझ्या मनात काही नाही.”

मांडवात “वाह खलफ, वाह!” असा एकच गलका उठला. शेखनं कप उचलला. सगळ्यांनी उचलले. मुफलिह तसाच पुढं सरकलेला बसला होता, तोंडात तीन वाक्यं घेऊन. मोठ्या मनाचं असं दान मिळाल्यावर ते नाकारायचं कसं? त्यानं कप उचलला आणि कडू कॉफी पिऊन टाकली. पिताना त्याला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटतंय हे लक्षात आलं, तेव्हा मात्र त्याला स्वतःची किळस आली.

मग दह्यातलं मटण आलं, भाताचे डोंगर आले. माणसं थाळ्यांभोवती उभी राहून उजव्या हातानं जेवली. खलफ स्वतः मुफलिहच्या बाजूला मांस सारत होता, चांगला तुकडा निवडून. “घे, घे, काय लाजतोस, अबू हाबिस.”

हात धुवायला तो मागच्या अंगणातल्या नळाकडं गेला. तिथं नोफा टॉवेल घेऊन उभी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मुफलिहनं साबण हातावर चोळला, पुन्हा चोळला.

“पोरी,” तो म्हणाला, “मी तिथं ड्रायव्हर होतो.”

“माहितेय, काका.”

त्यानं वर बघितलं.

“त्या दिवशी मला न्यायला गाडी आली होती. ड्रायव्हर म्हातारा, सबरी नावाचा. ऐन सिद्र म्हटल्यावर म्हणाला, आमच्या अबू हाबिसचं गाव! आम्ही दोघं शेजारी शेजारी गाडी लावायचो.”

“म्हणजे आत जायच्या आधीच?”

“हो.”

“आणि तरी तू…”

“सबरी गप्पा मारत होता, पण मी त्याच्याशी बोललेच नाही. तुम्ही शिकवलेलं घोकत बसले. म्हटलं, ड्रायव्हर का असेनात, काका इतकी वर्षं त्या लोकांत होते. काहीतरी पाहिलं असेल म्हणूनच सांगत असतील. मला फसवतील कशाला?” तिनं टॉवेल दुसऱ्या हातात घेतला. “पाहिलं होतं ना काही?”

मुफलिहनं नळ बंद केला. त्याला रडू आलं, त्यानं ओल्या हातांनी डोळे पुसले. “पाहिलं होतं,” तो म्हणाला. “ते तुला नाही सांगितलं. दुसरंच सांगितलं.”

नोफानं टॉवेल त्याच्या हातात दिला. “मला जायचंय काका, संसदेत. खोटं कशाला बोलू? मला तिथं बसायचंय. मी आत जाऊन बोलले तर लोक म्हणतील, पडली म्हणून कारणं सांगतेय. नि म्हाताऱ्या चुलत्याची अब्रू काढली, असंही म्हणतील, आणि तेही खरंच असेल. तुम्ही बोललात तर ती नुसती खरी गोष्ट होईल. शेख चहाच्या वेळी फोन करणार आहेत.”

“बोलतो,” मुफलिह म्हणाला. “आत्ता जाऊन बोलतो. माझ्या गळ्याची शपथ.”

“शपथ नको. बोला फक्त.”

तो मांडवात परतला तेव्हा माणसं पोट भरून सैल बसली होती. हसणं-खिदळणं चाललं होतं. शेखनं त्याला बघून उजव्या बाजूची उशी थोपटली. “ये, ये, इथं बस. आत्ता तुझंच बोलणं चाललं होतं.” मुफलिह बसला. शेखनं हात त्याच्या खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा, माणसाचं चुकतं, पण पारख कुठं जाते? अबू हाबिसनं एका नजरेत सांगितलं, हिला पडदा घेत नाही. खलफ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण खरं होतं ते. सगळ्या देशानं पाहिलं.”

खलफनं मान खाली घातली. “खरं होतं,” तो हळूच म्हणाला.

बापाच्या तोंडून ते मुफलिहनं ऐकलं. आता, त्यानं स्वतःला सांगितलं. आता बोल. सगळे चेहरे त्याच्याकडं वळलेले होते, प्रेमानं. राकानसुद्धा उठून आला आणि त्याच्यापुढं उकिडवा बसला. त्या दिवशीचं ते गालातलं हसू आज नव्हतं. “काका, मंगळवारी माझीही मुलाखत आहे, त्याच कार्यक्रमात. मला भीती वाटतेय हो. मला घ्या ना हाताशी.”

“घेईल, घेईल,” शेख म्हणाला आणि फोन काढून मांडीवर ठेवला. “काय, अबू हाबिस?”

मधल्या दारात नोफा चहाचं तबक घेऊन उभी राहिली होती. ती त्याच्याकडंच बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती, त्यानं दिलेल्या शब्दाची. मुफलिहनं तिच्याकडं पाहिलं, खलफच्या खाली घातलेल्या मानेकडं पाहिलं, मग त्या सगळ्या वळलेल्या चेहऱ्यांकडं, जे त्याला इतकी वर्षं टीव्हीवाला म्हणत आले होते. ती तीन वाक्यं तोंडात तयार होती.

“उद्या सकाळी ये,” तो राकानला म्हणाला.

शेख फोन लावू लागला. नोफा तबक घेऊन पुढं आली, आणि मोठ्या माणसाला आधी द्यायची रीत असते म्हणून पहिला पेला तिनं मुफलिहच्या पुढ्यात ठेवला. “घ्या काका,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी साखर कमी घातलीय.”